उंबऱ्याची कड

कुडाळ
श्रावणातला दुसरा रविवार

चि. बाय हिस, अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर बाळाला गाडीत बसवायच्या कार सीटचा विषय निघाला तेव्हा मी म्हणालो, "आम्ही तुला मांडीवर घेऊनच फिरवली, काय झालं तुला?" तू गप्प झालीस. मग "बरं बाबा, ठेवते" म्हणालीस. तुझी आई समोर तांदूळ निवडत होती. तिनं मान वर करून माझ्याकडे जे बघितलं, त्यानंतर रात्री मला जेवण गेलं नाही. म्हणून लिहायला बसलोय. फोनवर मला हे बोलता येणार नाही.

आधी सोपं ते सांगतो.

चतुर्थीला तुम्ही रात्री तीनला पुण्याहून निघणार, म्हणजे बाळ झोपेत राहील आणि दुपारच्या जेवणाला कुडाळ, असं जावईबापू म्हणाले. असं करू नका. मी अकरा वर्षं एसटीची रातराणी चालवली आहे. पहाटे तीन ते पाच या वेळात ड्रायव्हर कितीही झोपून आलेला असो, डोळा जड होतो म्हणजे होतोच. आणि सात महिन्यांचं बाळ घरात असताना झोपून येणार कोण? जावईबापूंना विचार, सलग पाच तास झोप शेवटची कधी मिळाली ते.

सकाळी सहाला त्याला पाजून निघा. पहिल्या दिवशी कोल्हापूरच गाठा, मावशीकडे मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी उजेडात घाट उतरा. मी एका दिवसात पावणेचारशे किलोमीटर करायचो हे खरं, पण माझ्या गाडीतल्या पॅसेंजरांना दर दोन तासांनी पाजावं लागत नव्हतं.

दोन तासांचं सांगायचं कारण वेगळंही आहे. इथल्या लहान मुलांच्या डॉक्टरांना मुद्दाम जाऊन विचारून आलो. (त्यांना वाटलं मलाच काही झालंय.) ते म्हणाले, एवढ्या लहान बाळाला कार सीटमध्ये सलग दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. बसल्या बसल्या झोपलं की मान पुढे पडते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाला अडथळा येऊ शकतो. थांबलात की त्याला बाहेर काढून सपाट जागेवर निजवायचं, पाय झाडू द्यायचे. आता बाळ झोपलंय, थांबलो तर उठेल, तेवढंच अंतर कापून होतंय, हा मोह तुम्हाला होणार. मीही हे बघितलंय. इंजिनाच्या घरघरीत पोरं गाढ झोपायची आणि स्टँडात गाडी उभी राहिली की एकदम भोकाड. कंडक्टर म्हणायचा, थांबूच नका मास्तर! पण एसटी थांब्यावर थांबते, तशी तुम्हीही थांबा. साताऱ्याच्या अलीकडे एकदा आणि कराड किंवा पेठ नाक्याला एकदा. पाजायची सोय नसेल तिथे एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असतो का बघ, आधी जावईबापूंना डोकावून येऊ दे. तान्ह्यासाठी रायगडाचा कडा उतरली त्या बाईचं नाव आहे त्या खोलीला. तुला फक्त दार लोटायचंय.

आता ते दुसरं.

तुझ्या डाव्या भुवईत जी रेघ आहे, जिथं केस उगवत नाहीत, ती मावशीच्या उंबऱ्यावर पडून झाली असं तुला आम्ही सांगत आलो. तू उंबऱ्यावर पडली नव्हतीस.

1995 चा मे महिना. तू आठ महिन्यांची होतीस. मामाची मारुती 800 चार दिवसांसाठी मागून घेतली होती. रोज बस हाणणाऱ्याला ती गाडी खेळण्यातली वाटायची. काचा खाली, वारा तोंडावर, मागे बसणाऱ्यांना पट्टेच नाहीत, आणि पुढचे होते ते कुणी लावत नव्हतं. कोल्हापूरला अंबाबाईचं दर्शन घेतलं, मावशीकडे दोन दिवस राहिलो आणि राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाटानं परत निघालो. घाट मी डोळ्यांत तेल घालून उतरलो. खाली आलो आणि सैल पडलो. तुझ्या आईला म्हणालोसुद्धा, आता काय, घर आलंच.

संध्याकाळी गुरं परतायची वेळ होती. वळण घेतलं तर एक पाडा मधोमध उभा. मी ब्रेक दाबला, गाडी डावीकडे घसरली आणि चिऱ्याच्या गडग्याला जाऊन लागली. म्हणजे फार काही नाही, बंपर वाकला, एक लाइट फुटला. ब्रेक मारल्यावर वेग विसाच्या वर नसेल. तुझी आई माझ्या शेजारी, तू तिच्या मांडीवर. तिनं तुला दोन्ही हातांनी धरलं होतं. गवत कापणाऱ्या, घागरी वाहणाऱ्या बाईचे हात ते. त्या हातांतून तू निसटलीस आणि समोर डॅशबोर्डवर आपटलीस.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. तुझ्या आईचा पदर लाल झालेला, पाडा तिथंच उभा राहून आमच्याकडे बघतोय, आणि तू रडत नाहीस. मग रडलीस. आयुष्यात कुणाच्या रडण्यानं मला इतकं बरं वाटलेलं नाही.

कणकवलीला डॉक्टरांनी दोन टाके घातले. घर जवळ येत चाललं तसं ठरलं की आजीला सांगायचं नाही. ती आधीच म्हणाली होती, तान्ह्या पोरीला घाटातून नेऊ नका. मग मावशीच्या उंबऱ्यावर आळ घातला. मामाला म्हणालो जनावर आडवं आलं, ते तर खरंच होतं. तुझी आजी दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं सुताराला बोलावून आपल्या फणसाच्या उंबऱ्याची कड तासून गोल करून घेतली. आमच्याकडे तरी पोरीला लागायला नको, म्हणाली. मी शेजारी उभा राहून सुताराला पैसे दिले. मावशीला मात्र आम्ही त्याच आठवड्यात खरं सांगून टाकलं होतं. तीस वर्षं ती बाई आपल्या उंबऱ्याची बदनामी ऐकून घेते आणि माझ्याकडे बघून हसते. आता मुक्कामाला जाल तेव्हा विचार तिला.

तू फोनवर गणित करून दाखवलंस ना, 40 च्या वेगातली गाडी अर्ध्या मीटरमध्ये थांबली तर 7 किलोचं बाळ त्या क्षणी हातांना ऐंशी-नव्वद किलोचं लागतं, म्हणजे तांदळाच्या पोत्यापेक्षा जास्त. मी त्यावर हसलो. बाय, मला ते माहीत होतं. आकडा तेवढा माहीत नव्हता.

तर कार सीट. मी फोनवर तिला पिंजरा म्हणालो, ते मागे घेतो. डॉक्टरांकडून येताना कणकवलीला जाऊन दुकानात एक बघून आलो. दुकानदारानं बाहुली बसवून दाखवली. सीट मागच्या बाजूला लावा आणि बाळाचं तोंड गाडीच्या पाठीमागं. डोळ्यांसमोर राहील म्हणून ती पुढे लावू असं जावईबापू म्हणत होते, त्यांना सांग, पुढची एअरबॅग फुटली तर ती त्या सीटच्या पाठीवर आदळेल. खांद्यावरचे पट्टे त्याच्या खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून आले पाहिजेत आणि लावल्यावर पट्ट्याची चुणी चिमटीत धरता येता कामा नये. तुझी आई त्याच्यासाठी जाड कुंची शिवतेय, ती घालून त्याला सीटमध्ये बसवू नकोस, पट्टा वरून घट्ट दिसतो आणि आत ढिला राहतो. आधी पट्टा लाव, मग वरून दुपटं घाल. कुंची इथं आल्यावर घाल, नाहीतर मला ऐकून घ्यावं लागेल. 2019 च्या कायद्यानं चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याशिवाय किंवा सीटशिवाय बसवलं तर हजार रुपये दंड आहे, हेही दुकानदारानंच सांगितलं. त्याला सीट खपवायची होती, पण माणूस खोटं बोलत नव्हता.

आतापासून त्याला सवय लावा. घरात जमिनीवर सीट ठेवून बसवा, मग कोथरूडमध्ये चार फेऱ्या मारून आणा. एकदम चार तास बसवलं तर तो रडणारच, मीही रडेन. वाटेत रडायला लागला तर गाडी चालू असताना त्याला बाहेर काढायचं नाही, पाजायलाही नाही. जागा बघून बाजूला घ्या आणि मग काय ते करा. तू मागे त्याच्याजवळ बस. आणि जावईबापूंनी मागे वळून बघायचं नाही. 60 च्या वेगात दोन सेकंदं मान वळवली तर गाडी 33 मीटर जाते, म्हणजे एकापुढे एक उभ्या केलेल्या जवळजवळ तीन एसट्या. हे त्यांना माझ्या नावानं सांग, तुझ्या नावानं सांगितलंस तर भांडण होईल.

तुझी आई म्हणते हेही लिहा: नाचणीचं सत्त्व शिजवून आणू नकोस, दमट हवेत आंबतं. कोरडं पीठ, थर्मासात उकळतं पाणी आणि वेलची केळी पुरेत. शेजारच्या काकूंनी प्रवासात गुटी मधातून दे म्हणून सांगितलं असेल तर मानू नकोस, वर्षाच्या आत मध नाही. आणि गाडी उभी करून दोन मिनिटंसुद्धा त्याला एकट्याला आत ठेवायचं नाही, काच थोडी खाली असली तरी.

घाट कोणता ते आत्ता ठरवू नका. करूळ, फोंडा की आंबोली, ते त्या दिवशीचा पाऊस ठरवील. कोल्हापूरहून निघायच्या आदल्या रात्री फोन कर. आपली जुनी मंडळी अजून डेपोत आहेत, कुठं दरड आलीय, कुठं धुकं बसलंय ते विचारून सांगतो. घाटाच्या तोंडाशी त्याला पाजलंत तर अर्धा तास थांबा, लगेच वळणं घेतलीत की सगळं दूध बाहेर. आणि घाट उतरून झाल्यावर जावईबापूंना एक कप चहा पाजा. गरज नाही म्हणाले तरी पाजा. तिथून पुढेच मी चुकलो होतो.

पत्र पाठवण्याआधी तुझ्या आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पाडा नव्हता, पाडी होती.

गाडी लावायला जागा हवी म्हणून गडग्याजवळच्या फणसाची खालची फांदी उतरवून ठेवली आहे. तो रांगायला लागलाय असं तू म्हणालीस. ओटीवरून माजघरात जाताना तो उंबरा लागेल. आजीनं तासून घेतलेली कड अजून तशीच गोल आहे, काल हात फिरवून बघितला.

तुझे,
बाबा