प्रस्ताव रविवारपर्यंत पूर्ण करायचाय, वाचा सगळ्यांनी

राम राम मंडळी, रानपिंगळ्याच्या (आपल्या जंगलातलं दुर्मिळ छोटं घुबड) सीएसआर प्रस्तावाची, म्हणजे कंपनीच्या सामाजिक निधीसाठीच्या अर्जाची, परत आठवण करून देतोय. संस्थेची १२ए, ८०जी (दोन्ही आयकराच्या नोंदण्या) अन् सीएसआर-१ (कंपन्यांचा निधी घ्यायला लागणारी नोंदणी) नंबर, तिन्हींच्या स्पष्ट पीडीएफ पाठवा, मागच्या वेळसारखे तिरपे फोटो नकोत भो. ग्रामसभेचा ठराव अजून आलेला नाही आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा कागद आहे, सामूहिक वनहक्क गावाचा आहे मग पैसा कशावर लागायचा ते गावानंच ठरवायला पाहिजे, धुळे जिल्ह्यातल्या बारीपाडा गावाचं जंगल लोकांनी राखलं म्हणूनच उभं राहिलं ना.

बजेटमधून टी-शर्ट, बॅनर काढलेत. मेन खर्च जाळरेषेची (वणवा पसरू नये म्हणून आधीच साफ करून ठेवायचा पट्टा) मजुरी, कारण वणव्यात जुनी पोकळ झाडं जळतात आणि हा पक्षी ढोलीतच अंडी घालतो, ढोली गेली की संपलं. ११३ वर्षं कुणाला दिसला नव्हता अन् १९९७ ला आपल्या शहाद्याकडंच सापडला, हे प्रस्तावात पहिल्या पानावर टाका, कंपनीवाले तेवढंच वाचतात. 😄

गस्तीवाल्या पोरांचा पगार बारा महिन्यांचा धरा, नुसता सीझनपुरता नको. मजुरीचे रेट ज्याच्याकडे असतील त्यांनी आजच टाका.