मामांच्या खोक्यातले पार्ट

फोंडा, जूनची अखेर

प्रिय सुध्या,

आधी एक काम कर, मामांच्या खोक्यातले जुन्या गाडीचे पार्ट मागणाऱ्या त्या म्हापशाच्या गिऱ्हाइकाला अजून हो-नाही काहीच बोलू नकोस. तो सारखा फोन करतो म्हणजे त्याला मालातलं कळतं असं नाही, गोव्यात हल्ली विंटेज म्हटलं की गंजलेली सायकलसुद्धा लोक कॅफेत टांगायला उचलतात. आणि मामींना सांग खोकं पुसायला घेऊ नका म्हणावं. मी गेलो तेव्हा त्या रॉकेल आणि वायर ब्रश घेऊन बसल्याच होत्या, कसंबसं थांबवलं. ठोकलेले बारीक आकडे, कुणीतरी सुईने कोरलेली अक्षरं, मशिनिंगच्या रेघा, सगळं घासून जातं रे, आणि पार्ट ओळखायचा तो त्याच्यावरूनच.

आता खोक्याबद्दल. मामा म्हणायचे ना, फियाट नुसतं टॅक्सीचं इंजिन नव्हे, त्यात तथ्य आहे. 1089 सीसी, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास 68 मिमी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव 75, टॅक्सीवाल्या प्रीमियर पद्मिनीत हेच होतं आणि 1946 च्या चिसितालिया डी46 या इटालियन सिंगल सीटर रेस कारमध्येही फियाट 1100 चंच इंजिन होतं. पुढे इटलीच्या काउंट लुरानीने नवख्यांसाठी फॉर्म्युला ज्युनियर ही रेसची श्रेणी काढली, इंजिन प्रॉडक्शन गाडीचंच पाहिजे आणि 1100 सीसीच्या आत पाहिजे असा नियम, तेव्हा मोदेनाच्या स्टांग्वेलिनी या रेस कार बनवणाऱ्यानेही फियाट 1100 चंच घेतलं. म्हणजे घराणं एकच. पण नेमकं इथेच लोक फसवतात, घराणं एक म्हणून काळ्यापिवळ्या टॅक्सीचा पिस्टन काही स्टांग्वेलिनीचा होत नाही.

पिस्टन तर सरळ बाजूला काढ. इंडिया पिस्टन्सचे आहेत, साधे ओव्हरसाइज, म्हणजे झिजलेलं सिलिंडर मोठं केलं की घालायचे, पद्मिनी रिस्टोअर करणारा कुणी घेईल, बाकी काही नाही. पिस्टन क्रँकला जोडणारे कनेक्टिंग रॉड मात्र बघण्यासारखे आहेत. फोर्जिंग केलं, म्हणजे तापवलेलं लोखंड साच्यात ठोकलं, की कडेला एक जाड शिवण राहते, ती मामांनी चारही रॉडवरून लांबीच्या दिशेने घासून गुळगुळीत केलीये, कारण अशा उंचवट्यापासूनच तडा सुरू होतो. वर नंबर ठोकलेत, दोन्ही टोकांना वजन जुळवायला ग्राइंड केलंय. काम रेसचंच आहे. आणि तरीही पैसे फारसे येणार नाहीत, कारण इतका जुना, थकलेला रॉड आज कुणी सात हजार आरपीएमवर फिरवणार नाही, ज्याला गाडी पळवायचीये तो नवीन बनवून घेतो. हे दुर्मिळ वगैरे म्हणणाऱ्यांना कळतच नाही बघ. रॉड, व्हॉल्व्ह, क्रँक यांचा जीव धावण्यात जातो, ते जुने झाले की शोकेसमध्ये. कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला भाग, तो टिकतो: हेड, कार्ब्युरेटर इंजिनला जोडणारा मॅनिफोल्ड, कार्ब्युरेटरची बॉडी. हिस्टॉरिक रेसिंगमध्ये गाडी त्या काळच्या स्पेसिफिकेशनची असल्याचा एफआयए या मोटर रेसिंगच्या जागतिक संघटनेचा टेक्निकल पासपोर्ट लागतो, त्यामुळे त्या काळचं कास्टिंग शोधत फिरणारी माणसं खरंच आहेत आणि त्यांच्याकडे पैसाही आहे.

त्या दोन वेबर कार्ब्युरेटरनी माझी निराशा केली. वरच्या झाकणाच्या कडेला नंबर असतो तो वाचला, 40 डीसीओई 151. 18 नंबर असता तर लोटस एलान या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा, मग तुला रात्रीच फोन केला असता. 151 म्हणजे नंतरच्या काळातला, कुठल्याही गाडीला बसेल असा युनिव्हर्सल कार्ब. वाईट नाही हां, जोडी आहे, आणि जोडी कधीही सुट्या दोनापेक्षा जास्तच जाते, फक्त फोडून विकू नकोस. मेन जेटवर, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या तोटीवर, 135 आहे म्हणजे भोक 1.35 मिमीचं, मामांनी सेटिंग केलेलं दिसतंय, तेही तसंच राहू दे.

त्या हलक्या कव्हरबद्दल तू मॅग्नेशियम मॅग्नेशियम करत होतास ना, ते नाही निघालं. हवेत वजन केलं, मग दोरीने पाण्यात सोडून केलं, घनता 2.7 च्या आसपास, म्हणजे ॲल्युमिनियम. मॅग्नेशियम 1.74 असतं. खात्रीसाठी आतल्या बाजूला जरा खरवडून व्हिनेगरचा थेंब टाकला, मॅग्नेशियम असतं तर लगेच फसफसलं असतं, इथे काहीच नाही. आणि तसंही आपल्या किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत उघडं मॅग्नेशियम इतकी वर्षं राहिलं असतं तर त्याची पांढरी पूड झाली असती.

राहता राहिला तो मॅनिफोल्ड, आणि मला झोप लागत नाहीये ती त्याच्यामुळेच. दोन कार्बचा, वाळूच्या साच्यातला, आतले पोर्ट हाताने कानस मारून उघडलेले. त्यावर अक्षरं आहेत पण मळाने भरलीयेत, आणि तो मळ मी मुद्दाम कोरून काढला नाही. कॉपी आहे का हे कळायला एक उपाय आहे. ॲल्युमिनियम थंड होताना साधारण सव्वा टक्का आकसतं, त्यामुळे कुणी ओरिजिनलचाच साचा करून दुसरा ओतला तर 300 मिमीच्या लांबीत जवळजवळ चार मिमी कमी भरतात आणि अक्षरांच्या कडाही बोथट होतात. भोकं नंतर ड्रिल करतात म्हणून ती मोजून उपयोग नाही, न कापलेली कच्ची बाजू मोजायची. म्हणजे मला ओरिजिनलचं माप हवं, ते इटलीत फियाटचे जुने पार्ट गोळा करणाऱ्या एकाला विचारलंय, उत्तर येईल तेव्हा येईल.

आणि हा मॅनिफोल्ड मामांकडे आला कुठून, हे कळलं तर किमतीत फार फरक पडेल. मामी म्हणाल्या मद्रासला जायचे, शोलावरमला, त्या जुन्या धावपट्टीवरच्या रेसना, गाडीबरोबर मेस्त, म्हणजे मेकॅनिक म्हणून. पुढे 1990 ला इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक झाला, त्याच्या आधीची ही गोष्ट असणार. कपाटात एक पॉकेट डायरी आहे म्हणे, जेटचे नंबर आणि गाड्यांची नावं लिहिलेली, शिवाय दोन फोटो. ते फोटो मला पाहिजेत सुध्या, त्यात बॉनेट उघडं असेल आणि हा मॅनिफोल्ड दिसत असेल तर मग खोक्याचं बोलणं वेगळंच होईल. विकणारा तोंडाने काय सांगतो त्याला कुणी विचारत नाही, कागद आणि फोटो बघतात. आणि लोक विकायला ठेवताना जो आकडा लावून बसलेले असतात त्याच्याकडे बघू नकोस, खरंच कितीला गेलं तेवढंच धर, दोन्हींत केवढा तरी फरक असतो.

कॅमशाफ्टचं एवढंच, तो रिग्राइंड, म्हणजे पुन्हा घासून आकार दिलेला आहे, बेस सर्कल म्हणजे कॅमचा गोल भाग बारीक झालंय, लिफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह किती उचलतो ते डायल गेजवर बघितल्याशिवाय बोलत नाही.

चतुर्थीला येतोयस ना? मग मॅनिफोल्ड मोजायला तुझ्या कारखान्यातला मोठा व्हर्नियर घेऊन ये, 300 मिमीचा, माझा 150 चा आहे. आणि डायरी मामींकडे तू माग, मी मागितली तर त्यांना वाटतं मी विकायलाच निघालोय.

तुझा
नंदू