म्हापशाच्या पात्रांवांस, एका रिमोटबद्दल

पात्रांव,

मी तुमचं नाव कधी विचारलं नाही, तुम्हीही माझं विचारलं नाही. तुम्ही मला 'बाय' म्हणालात, मी तुम्हाला 'पात्रांव', म्हणजे मालक, म्हटलं, तेवढ्यावर भागलं. म्हापशाच्या बाजारात, जिथे शुक्रवारी चोरीसांच्या, गोव्याच्या सॉसेजच्या, माळा लटकतात त्याच्या पलीकडे, तियात्रांच्या, म्हणजे कोंकणी नाटकांच्या, सीड्या-डीव्हीड्या विकणारं तुमचं ते अरुंद दुकान. आषाढीच्या आदल्या आठवड्यात तिथे आले ती शेवटचा प्रयत्न म्हणून. त्याआधी बऱ्याच ठिकाणी हात हलवत परतले होते.

आईला 'संत तुकाराम' बघायचा होता. प्रभातचा, १९३६ सालचा, दामले-फत्तेलालांचा. तिचं माहेर बांद्याचं. नऊ वर्षांची असताना तिथे तंबूतल्या टॉकीजमध्ये वाळूवर बसून तिनं तो पाहिला होता. शेवटी तुकोबांना न्यायला गरुड आला तेव्हा तंबूतल्या बायकांनी वाळूतच डोकं टेकलं, हे ती अजून सांगते. पुढे लग्न होऊन गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आली आणि सिनेमा राहिला तो राहिलाच. आता ब्याऐंशी वर्षांची आहे. काचबिंदूमुळे नळीतून पाहिल्यासारखं समोरचं तेवढंच दिसतं. पंढरीची वारी बंद झाली. साखळीच्या विठ्ठलालाही कुणी गाडीतून नेलं तरच जाते.

मागणं एवढंच होतं. पण पणजीतल्या एका मोठ्या दुकानात काउंटरवरचा मुलगा हसला. 'आंटी, डीव्हीडी? स्मार्ट टीव्ही घ्या, यूट्यूबवर फुकट बघा.' अरे बाबा, आमच्या वाड्यावर फोन लावायचा तर विहिरीच्या काठावर जावं लागतं, तिथे कसलं यूट्यूब! मग ऑनलाइन मागवली. पाकिटावर हातात वीणा घेतलेले, तुकाराम झालेले पागनीस, आत कराटेच्या मारामारीची तबकडी. तक्रारीच्या मेला लिहून लिहून थकले. दर वेळी उत्तर एकच, 'आपली गैरसोय झाल्याबद्दल खेद आहे.' खेद मला पोचला, तुकाराम काही पोचले नाहीत. भाच्यानं पेनड्राइव्हवर घालून देतो म्हटलं होतं. तो अजून देतोच आहे.

तुम्ही मात्र 'नाही' म्हणाला नाहीत. म्हणालात, 'फाल्यां यो.' उद्या ये. गोव्यात 'फाल्यां'चा अर्थ काय होतो हे आपल्याला दोघांनाही माहीत आहे, म्हणून मी फारशी आशा धरली नव्हती. पण दुसऱ्या दिवशी तबकडी काउंटरवर होती. बंद पडलेल्या कुठल्याशा व्हिडिओ लायब्ररीचा माल तुम्ही कधीकाळी खोक्यांनी उचलला होता, त्यातली. आणि तुम्ही ती नुसती शोधली नव्हती, रात्री घरी लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली होती. मध्येच अडकली तर म्हातारीचा हिरमोड होईल म्हणून! दोन तासांच्या वरचा सिनेमा, तोही तुम्हाला अर्धामुर्धा कळणाऱ्या मराठीत. तुम्ही पहिलं विचारलंत ते, 'चप्पल घेवन देवळांत वता, ती कोण गो?' म्हटलं, ती आवली, तुकोबांची बायको. तुम्ही खो खो हसलात. असली बायल आमच्या तियात्रांत पण असते, म्हणालात.

व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ साली या सिनेमाचं कौतुक झालं होतं. त्यावर पुष्कळांनी पुष्कळ लिहिलंय. पण तुमच्याइतकं नेमकं बोट आवलीवर ठेवलेलं मी तरी वाचलं नाही. तुकोबा वैकुंठाला चल म्हणतात तेव्हा घरदार, पोरं सोडून न निघणारी ती बाई. आमची आई त्याच गोत्रातली.

मग आईचा जुना प्लेयर तुम्ही उघडलात. ट्रे अडकत होता, त्याचा पट्टा बदललात. ते सगळं सोडून देते. मला लिहायचंय ते रिमोटबद्दल.

हातानं काम चालू असताना तुम्ही सहज विचारलंत, 'तुजी मांय दीसभर कितें करता?' सांगितलं, दुपारी घरात कुणी नसतं, भाऊ-भावजय कामावर. ती अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, करत बसते. डोळ्यांनी दिसत नाही, बोटांनीच करते. तुम्ही 'हूं' म्हणालात. मला वाटलं, गप्पा. पण तुम्ही खणातून एम-सील काढलंत, चिमूटभर मळलंत, आणि रिमोटच्या सुरू करायच्या बटणावर एक बारीक मणी बसवलात. थांबवायच्या बटणावर दोन. बाकीच्या बटणांवर चिकटपट्टी. सुकेपर्यंत फुंकर मारत बसलात, मागे दोन गिऱ्हाइकं ताटकळत असताना. मग रिमोट माझ्या हातात देऊन म्हणालात, 'दोळे धांप आनी सोद.' मी डोळे मिटले आणि बोटाला पहिल्याच खेपेला मणी लागला.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आम्ही तीन वर्षं जातोय. मोठं नाव आहे, भिंतीवर प्रमाणपत्रं आहेत. तिथे आजवर एकदाही कुणी विचारलं नाही की ही बाई दिवसभर करते काय. डोळ्यांचा दाब विचारतात, औषधांच्या वेळा विचारतात. त्यांचंही बरोबर असेल, रांग मोठी असते. तुमच्याकडेही रांग होतीच की. पट्ट्याचे तेवढे दीडशे घेतलेत, सिनेमाचे 'पयशे नाका'. माझ्या हातातली नोट तशीच राहिली आणि एवढ्याशा गोष्टीनं बाजारात उभ्या उभ्या मला रडू आलं, ते तुम्ही बघून न बघितल्यासारखं केलंत. त्याबद्दलही आभार.

आषाढीपासून आईनं तो सिनेमा किती वेळा पाहिला हे आता भावजयही मोजत नाही. दुपारी जेवण आटोपलं की बोट मण्यावर. बरंचसं ती ऐकतेच, दिसतं त्याहून जास्त. एका गोष्टीवरून मात्र आमचं भांडण झालं. 'आधी बीज एकले' ती जन्मभर तुकोबांचा अभंग म्हणून भजनात गात आली. तो शांताराम आठवल्यांनी या सिनेमासाठी लिहिला, हे मी सांगितलं. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, 'लिहिला असेल त्यांनी, पण म्हटला कुणी?' यावर मी काय बोलणार!

तिनं तुमची चौकशी केली. किरिस्तांव आहेत, म्हटलं, गल्ल्याच्या वर छोटा खुरीस, म्हणजे क्रूस, आहे आणि त्याला झेंडूची सुकलेली माळ. 'सुकलेली?' एवढंच म्हणाली आणि परडी पुढे ओढली.

दोन मण्यांतला एक आता सैल झालाय, तेव्हा येत्या शुक्रवारी रिमोट घेऊन येतेच आहे. अबोलीचा वळेसर केळीच्या पानात गुंडाळून फ्रिजात ठेवलाय. तोही आणते.

तुमची,
सत्तरीची बाय