नावे ठाऊक नसलेल्यांचे आभार
पहाटे ३ वाजताच झोप मोडत होती, २ आठवड्यांहून अधिक काळ कशातच मन लागत नव्हते आणि मी त्याला आळस समजून स्वतःलाच दोष देत होतो. अखेर मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो, तेव्हा शेजारी बसलेल्या ज्या बाईंनी माझ्या हातातला चुरगळलेला केसपेपर सरळ करून दिला आणि "उठून जाऊ नका, नंबर येईलच," एवढेच म्हटले, त्यांचा मी ऋणी आहे. नैराश्यावरच्या औषधांचा गुण दिसायला ४ ते ६ आठवडे लागू शकतात आणि बरे वाटले तरी ती आपल्या मनाने बंद करायची नाहीत, हे न कंटाळता दोनदा समजावणाऱ्या औषधविक्रेत्यांचेही मनापासून आभार. मरणाचे विचार येतात का, असे डॉक्टरांनी सरळ विचारले, तेव्हा मी प्रथमच खरे बोललो.