ट्रंक भंगारात द्यायच्या आधी हे वाच

सोनू,

परवा फोनवर म्हणालीस की आई ते सगळे कागद एकदाचे स्कॅन करून ड्राईव्हवर टाक आणि ती ट्रंक दे भंगारवाल्याला, खोलीत तेवढीच जागा होईल. फोनवर तुला काही सांगायला गेलं की तुझी मीटिंग सुरू होते, म्हणून हे टाईप करून पाठवायलेय. मोठं झालंय, रविवारी निवांत वाच. स्कॅनला माझी ना नाही, उलट कधीपासून डोक्यात आहे, पण ट्रंकेला कुणी हात लावायचा नाही आणि का ते सांगते.

तुझ्या बारावीच्या वेळची जात पडताळणी आठवते का? तुला फक्त रांग आठवत असेल आणि त्या आवारातलं लिंबू सरबत. आपल्या प्रवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा जातीचा पुरावा लागत होता, एससीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा लागतो, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, या तारखा मला झोपेत उठवून विचारलं तरी सांगता येतात कारण अख्खी नोकरी शाळेच्या ऑफिसात गेली आणि जून-जुलै आला की निम्मी गर्दी दाखल्यासाठी नाहीतर प्रवेश-निर्गम उताऱ्यासाठीच, म्हणजे शाळेच्या रजिस्टरातल्या नोंदीच्या नकलेसाठीच, असायची. तर आपलं काम झालं ते तुझ्या आजोबांच्या, अण्णांच्या, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर. जाडसर, चहाच्या रंगाचा झालेला कागद, खाली जांभळा गोल शिक्का निम्मा उडालेला, जन्मतारीख अक्षरी लिहिलेली आणि आडनावात एक जोडाक्षर कमी, कारण आपलं तेलुगू आडनाव त्या गुरुजींनी जसं ऐकलं तसं लिहिलं. कौंटरवरच्या माणसानं झेरॉक्सकडं बघितलंसुद्धा नाही, ओरिजिनल मागितलं, उजेडाकडं धरून शिक्का बघितला, मग आडनावाचं विचारलं आणि त्याला मी बरोबर नेलेलं अ‍ॅफिडेविट आणि राजपत्राची प्रत दिली.

आता यातली गंमत बघ. तो दाखला कुणी मुद्दाम जपलाच नव्हता. अण्णा मिलमधे होते, त्यांना काय माहीत पुढं नातीला हा कागद लागणार म्हणून. पीएफच्या चिठ्ठ्या, मिलचा पास, रेशन कार्ड यांच्यात तो पडून राहिला, आजीनं सगळ्याचं गाठोडं बांधलं आणि ट्रंकेत टाकलं, बास. सोलापूरची हवा कोरडी म्हणून निम्मी राखण हवेनंच केली, कोकणात असतो तर बुरशीनं कधीच खाल्लं असतं. कागदाकडं वर्षानुवर्षं कुणी ढुंकून बघितलं नाही तरी तो बऱ्यापैकी टिकतो. तुझ्या त्या फाईलींचं तसं नाही ना, त्यांच्याकडं लक्ष नाही दिलं की त्या जातात, आणि गेल्याचं कळतसुद्धा नाही. ट्रंकेत वाळवी लागली तर निदान भुसा दिसतो तरी.

ऑर्कुटवरचे तुझे कॉलेजचे फोटो कुठायत? २०१४ च्या सप्टेंबरात ऑर्कुट बंद झालं, आधी सांगितलं होतं त्यांनी, उतरवून घ्या म्हणून, पण कोण घेतंय. तुझ्या चुलत भावाच्या लग्नाची सीडी आहे, चालते की नाही ते बघायलाच आता घरातल्या एकाही लॅपटॉपला ड्राईव्ह नाही. गूगल फोटोवर आधी कितीही टाका म्हणायचे, १ जून २०२१ पासून तेही १५ जीबीत मोजायला लागले, त्या १५ मधे मेलही आला. आणि दोन वर्षं अकाउंट उघडलंच नाही तर ते अकाउंट आतल्या सामानासकट काढून टाकू शकतात, हा नियमही आलाय. मी हे घाबरवायला सांगत नाहीये, तुझ्या बाबांच्या जुन्या मेलमधे आपल्या घराच्या बांधकामाचे सगळे फोटो आहेत, तो मेल कोण उघडतंय आता? आजच्या आज एकदा लॉगिन करून ठेव.

सगळ्यात जिवाला लागलं ते अण्णांच्या आठवणींचं. रिटायर झाल्यावर त्यांनी दोन वह्या भरून लिहिलं होतं, मिलच्या भोंग्यावर सगळी पेठ कशी उठायची, त्यांच्या वडिलांनी सांगितलेल्या १९३० च्या सोलापुरातल्या मार्शल लॉच्या गोष्टी, १२ जानेवारी १९३१ ला धनशेट्टी, सारडा, शिंदे, कुर्बान हुसेन यांना फाशी दिलं त्या दिवशी घरात काय झालं ते. काकांनी ते हौसेनं एका डीटीपीवाल्याकडून टाईप करून घेतलं आणि फाईल पेन ड्राईव्हवर आणून ठेवली. मागच्या महिन्यात उघडली तर मराठीचं एक अक्षर नाही, नुसती टोप्या-ठिपकेवाली इंग्रजी अक्षरं. व्हायरस नाही तो. तेव्हाच्या मराठी फॉन्टात असं असायचं की आत साठवलेली अक्षरं इंग्रजीचीच, फक्त त्यांच्या जागी मराठी आकार बसवलेले, तो फॉन्ट मशीनवर असला तर मराठी दिसणार, नसला तर असला गोंधळ. युनिकोडमधे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा नंबर आहे म्हणून मी हे हितं टाईप केलेलं तुझ्या फोनवर आपोआप मराठीच दिसतंय. जुन्या फाईलीचं रूपांतर करणारे कन्व्हर्टर मिळतात, नेटवर फुकट पण आहेत, फक्त फॉन्ट नेमका कुठला होता ते कळायला पाहिजे आणि रूपांतरानंतर रफार, जोडाक्षरं डोळ्यानं तपासावी लागतात. ते तपासायचं काम माझं. कन्व्हर्ट करायचं तुझं. झालं की पीडीएफ करताना पीडीएफ-ए नावाचा प्रकार निवड, त्यात फॉन्ट फाईलीच्या आतच बांधून येतो, दीर्घकाळ ठेवायच्या कागदांसाठीच २००५ मधे ते स्टँडर्ड काढलंय. आणि एक प्रिंट. वह्या आहेतच म्हणा, वहीला फॉन्ट लागत नाही.

डिजिलॉकर आहे ना मग, असं तू म्हणशील. आहे, चांगलंय, मीपण वापरते. पण त्यात दोन कप्पे आहेत हे बघ नीट. 'इश्यूड'मधे जे येतं ते सरकारी खात्याकडून थेट आलेलं, त्याला २०१६ च्या नियमानं ओरिजिनलचा दर्जा आहे. तू स्वतः फोटो काढून जे अपलोड करतेस ती नुसती तुझी प्रत, तिला तसली किंमत नाही. अण्णांचा दाखला कुठलंच खातं तिथं इश्यू करणार नाही. आणि मृत्युपत्र तर आयटी कायद्यातच बाहेर ठेवलंय, ते कागदावरच, सही-साक्षीदारांसकट. तेव्हा घराचं खरेदीखत, दाखले, आजोबांची पत्रं, मृत्युपत्र (हो, केलंय मी, तोंड वाकडं करू नको) हे सगळं ओरिजिनल राहणार. सातबाऱ्याचं तसं नाही, डिजिटल सहीचा उतारा महाभूमीच्या साईटवरून १५ रुपयात कधीही काढता येतो, त्याचे ढीग ठेवायची गरज नाही. पण जुने हस्तलिखित फेरफार ठेवायचे. त्यातले दोन मोडी लिपीत आहेत, ते आपल्यापैकी कुणाला वाचता येत नाहीत म्हणून टाकाऊ समजू नकोस. २०२३ ला कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती बसली तेव्हा जुनी दप्तरं बाहेर काढायला लागली, आणि मोडी वाचणारा माणूस मिळता मिळेना.

ठेवायचं कसं ते पण ऐक. लॅमिनेशन करायचं नाही. काकांनी मार्कलिस्टी हौसेनं लॅमिनेट केल्या आणि पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवल्या, मे महिन्यात आपल्याकडं काय ऊन असतं माहितीये तुला, प्लॅस्टिक आतल्या आत चिकटलं, कडा पिवळ्या पडल्या, आणि आता ते काढताही येत नाही, काढायला गेलं तर छपाई निघून येते. सेलोटेपचं तेच. टाचण्या, स्टेपल काढून टाकायचे, गंज लागून तिथंच कागद फाटतो. आजीचं गाठोडंच बरोबर होतं, धुतलेलं सुती कापड. पेशवे दप्तरातले कागदसुद्धा कापडी रुमालातच बांधून ठेवलेत. सोलापुरात राहून कापडाला तोटा आहे होय.

फोटोंचं काम सगळ्यात अर्जंट आहे, कारण माणसं जायलीत. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेतला तो फोटो आहे बघ, रंगवलेल्या पडद्यापुढं काढलेला, मागं विमान आणि ताजमहाल एकाच आभाळाखाली, खुर्चीत आजी, मांडीवर बाबा आणि डाव्या बाजूला एक बाई, नाकात मोठी नथ, हातात कसलीतरी पिशवी. ती कोण हे मला माहीत नाही, बाबांना नव्हतं, फक्त आत्याला माहितीये. आत्याचं वय तुला माहीत आहे. फोन समोर ठेवून रेकॉर्डिंग चालू करायचं आणि एकेक फोटो दाखवत जायचं, ती बोलत राहील, मधेमधे भांडणं पण काढेल, काढू दे, कापू नको. मग नावं फोटोच्या मागं मऊ पेन्सिलनं लिहायची, बॉलपेननं नाही, पुढून उमटतं. आणि स्कॅन केल्यावर नाव आयएमजी आणि पुढं बारा आकडे असलं ठेवायचं नाही. आधी वर्ष, मग महिना, मग तारीख, मग माणूस, मग काय आहे ते. अशानं फाईली आपोआप तारखेप्रमाणं लागतात, शाळेच्या जनरल रजिस्टरला नंबर लावायची मला सवय आहे, मी करते ते. फॅमिली ग्रुपवर टाकून 'सेव्ह झालं' म्हणायचं नाही, व्हॉट्सॅप फोटो दाबून बारीक करतं. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठव.

आणि स्कॅन घरी करायचं. बाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात नाही. मी एकदा उभी होते एका दुकानात, त्याच्या कम्प्युटरवर व्हॉट्सॅप उघडं, गिऱ्हाईक नंबरवर पाठवतंय, तो प्रिंट काढतोय, आणि डाउनलोडच्या फोल्डरमधे गावभरचे आधार, पॅन, बँकेची पासबुकं, वरच्या वर एका मुलीचा रिझल्ट. कोण डिलीट करतंय. तेव्हापासून नुसती ओळख दाखवायची असली तर मी शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार देते, बहुतेक ठिकाणी चालतं.

टाकायचं काय ते पण ठरवलंय, मी काही सगळंच कवटाळून बसलेली नाही. बाबांनी फायलीत लावलेली जुनी लाईट बिलं जाणार. दुकानातल्या गुळगुळीत पावत्या जाणार, त्यावरचं तसंही उडून कोरा कागद राहिलाय. नसलेल्या मिक्सरचं वॉरंटी कार्ड आहे, ते कशाला ठेवलं देव जाणे.

हार्डडिस्क दोन घ्यायच्या. एक हितं, एक तुझ्याकडं, आणि तिसरी प्रत ऑनलाईन. एकाच घरात दोन्ही ठेवून उपयोग नाही, आग-पाणी-चोर काय सांगून येतं का. वर्षातून एकदा लावून चार फाईली उघडून बघायच्या आणि डिस्क जुनी झाली की नव्यावर उतरवायचं. दिवस मी ठरवलाय, खंडेनवमी. आपल्याकडं मागाची पूजा त्या दिवशी होते, डिस्कला पण हळद-कुंकू लावू, हसलीस तरी चालेल पण तारीख लक्षात राहील.

आता तुला नको असलेला विषय. माझ्यानंतर माझं सिम लगेच बंद करू नकोस, दर वेळी रिचार्ज मारत राहा. बंद पडलेला नंबर ठराविक दिवसांनी दुसऱ्याला देतात, आणि माझं सगळं, मेल, फोटो, त्या नंबरच्या ओटीपीवर आहे. बँकेचे पैसे मात्र त्या ओटीपीनं काढायचे नाहीत, ते बेकायदा आहे, तिथं रीतसर क्लेम करायचा, नॉमिनी तू आहेस. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे हे दादालाही सांग म्हणजे पुढं तुमच्यात वाद नको, वाटणी मृत्युपत्रात लिहिलीय. गूगलमधे 'इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे, त्यात मी तुझा मेल टाकलाय, बरेच महिने मी अकाउंट वापरलं नाही तर तुला मेसेज येईल आणि माझे फोटो उतरवून घेता येतील. पासवर्ड डायरीत आहेत, डायरी कुठंय ते फोनवर सांगेन, हितं लिहीत नाही.

येशील तेव्हा हुतात्मा एक्स्प्रेसनं ये, बस नको. डिस्क पुण्यातूनच आण. कापड मी धुऊन ठेवते, आत्याला कळवते, तू दोन दिवस तरी काढ. आणि तुझं लग्नाचं सर्टिफिकेट आणि जुना पासपोर्ट माझ्याकडं नाहीये, मागच्या वर्षी व्हिसाला म्हणून नेलंस ते परत आणलंच नाहीस, शोध.

तुझी
आई