दिवा चालू राहिला नव्हता, बाबा

कोल्हापूर,
रविवार, रात्री

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

आई, आधी तुझं. घर कोरडं आहे. टीव्हीवर पंचगंगा दाखवायला लागले की तू ताईच्या मागे लागतेस, म्हणून आकडा सांगतो: आज सकाळी राजाराम बंधाऱ्यावर ३६ फूट होतं. इशारा पातळी ३९, धोका ४३, हे बाबा तुला सांगतीलच. आपल्या गल्लीत २०१९ ला पाणी चढलं नाही, २०२१ लाही नाही. तेव्हा नातवाला मांडीवर घेऊन निवांत बस. लोणच्याची बरणी वर ठेवलीय. दूध गंगावेशीतूनच आणतोय, पिशवीचं नाही.

आता गाडीचं, म्हणजे आपल्या हत्तीचं. फोनवर सांगता आलं असतं, पण ताईकडं फोन कायम स्पीकरवर असतो आणि मला जे सांगायचंय ते सगळ्यांसमोर सांगायला जमलं नसतं.

तुम्ही गेलात त्याच्या तिसऱ्या दिवशी हत्ती पुन्हा बसला. किल्ली दाबली तर सेल्फनं नुसतं टक्‌टक्‌ केलं आणि डॅशबोर्डवर दिवाळी. एअरबॅग, सस्पेन्शन, हँडब्रेक, सगळं एकदम लाल-पिवळं. मागचा उजवा कोपरा तर बसकण मारल्यासारखा खाली. शोरूमवाले टो करून घेऊन गेले आणि दोन दिवसांनी कागद पाठवला: सस्पेन्शनचा कॉम्प्रेसर, एक मॉड्यूल (गाडीतला छोटा संगणक), बॅटरी, मिळून २ लाख ४० हजार. चौदा वर्षांच्या गाडीवर! मी ठरवलं होतं, तुम्ही यायच्या आत विकून टाकायची. ओएलएक्सवर टाकायला फोटोसुद्धा काढले होते.

पण विकायची तरी चालू हवी, म्हणून उद्यमनगरातल्या त्या म्हाताऱ्या वायरमनकडं नेली, तुमचे ट्रॅक्टरचे सेल्फ भरून देणारे. मला वाटलं होतं, संगणकवाली गाडी बघून हात जोडतील. त्यांनी शोरूमची २३ फॉल्टची यादी वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "भावा, आदी ह्याचं पोट भर. उपाशी माणसाचं रडगाणं खरं धरायचं नसतंय."

पोट म्हणजे बॅटरी. बंद गाडीत १२.६ व्होल्ट तरी हवेत, आपल्याकडं ११.८. ती रात्रभर चार्जरवर लावली. सकाळी यादी पुसून पुन्हा स्कॅनर लावला, तर २३ पैकी ४ च परत आले. व्होल्टेज पडलं की प्रत्येक मॉड्यूल आपापली तक्रार लिहून ठेवतं. त्यातल्या निम्म्या-अधिक तक्रारी ऐकून लोक पार्ट बदलत बसतात. गाडी चालू करून अल्टरनेटर बघितला, १४.३ व्होल्ट, म्हणजे भरणारा ठीक होता. मग पिणारा कोण?

ते शोधायला अख्खा दिवस गेला, आणि खरं सांगू, मला इतकी मजा बऱ्याच वर्षांत आली नव्हती. बॅटरीची मायनस केबल सोडून मधे मीटर जोडायचा. दारांच्या कुलपात स्क्रूड्रायव्हरनं खटका पाडायचा, म्हणजे दारं उघडी असली तरी गाडीला बंद वाटतात. मग चाळीस मिनिटं हात लावायचा नाही. या गाड्या बंद केल्यावर लगेच झोपत नाहीत, एकेक मॉड्यूल सावकाश झोपतं. मी पहिल्या वेळी सवयीनं फोन घ्यायला दुसरं दार उघडलं, सगळी मॉड्यूलं खडबडून जागी झाली आणि मीटरचा दहा ॲम्पिअरचा फ्यूज उडाला. मिस्त्री काही बोलले नाहीत, नुसते चहा सांगायला गेले.

दुसऱ्या वेळी आकडा स्थिरावला: ०.८ ॲम्पिअर. झोपलेल्या गाडीनं ०.०५ च्या आत राहायला हवं. बाबा, तुम्ही हिशोब केलाच असेल. दिवसाला १९ ॲम्पिअर-तास, तीन दिवसांत ५७, आणि आपली बॅटरी नवी असतानाची ९५ ची. म्हणजे रविवारी जोतिबाला जाऊन आलेली गाडी बुधवारी मान टाकणारच.

चोर कुठल्या खोलीत आहे हे बघायला त्यांनी एकही फ्यूज उपटला नाही. उपटून परत घातला की झोपलेलं मॉड्यूल जागं होतं आणि आकडे फसवतात. फ्यूजच्या पाठीवर दोन उघडे ठिपके असतात, त्यांवर मीटरच्या सुया टेकवत गेले. ज्यातून करंट जातो तिथं मिलिव्होल्ट दिसतात, बाकीचे शून्य. मागच्या डब्यात एक फ्यूज बोलला. त्याची वायर डाव्या सीटखाली जात होती. सीट काढली, मॅट उचललं, तर खालचा फोम स्पंजासारखा भिजलेला. वरून हात लावला तर काही कळत नव्हतं. खाली मॉड्यूलच्या जोडावर हिरवा गंज, पितळी भांड्याला चढतो तसा.

पाणी कुठून आलं हे मात्र मीटरनं सांगितलं नाही. ते तुमच्या डायरीनं सांगितलं.

सीट काढताना दाराच्या कप्प्यातून ती पडली. मला वाटलं, डिझेलचा हिशोब असेल. उघडली. एका रकान्यात गच्चीवरच्या पर्जन्यमापकाचे मिलिमीटर (पाटबंधारे खातं सुटलं, सवय सुटली नाही), दुसऱ्यात किलोमीटर, आणि तिसऱ्यात, गेल्या वर्षीच्या ऑगस्टपासून, रोज रात्री: 'दिवे पाहिले. बंद. ९.४०.' काही दिवशी दोनदा. एका दिवशी तीनदा, शेवटची वेळ रात्री पावणेबाराची.

बाबा, गेल्या ऑगस्टमध्ये मी तुम्हाला काय बोललो होतो ते मला शब्दाला शब्द आठवतं. तुम्हालाही आठवत असेल. 'आतला दिवा चालू ठेवून विसरता आणि मग मला सुट्टी काढून यावं लागतं.' तुम्ही काही बोलला नाहीत. दिवाळीनंतर बॅटरी एकदाही उतरली नाही, तेव्हा मी आईला म्हटलं, बघ, बोलल्याचा उपयोग झाला. यंदा जूनमध्ये पुन्हा उतरली आणि मी ताईला फोन करून म्हणालो की बाबांना एकदा डॉक्टरांना दाखवू या, विसरायला लागलेत. हे तुम्हाला माहीत नव्हतं. आता आहे.

वायरमननं डायरी हातातून घेतली, चष्मा वर केला आणि बोट ठेवत गेले. जिथं जिथं 'बॅटरी उतरली' लिहिलं होतं, त्याच्या वर दोन-तीन दिवसांत ४०, ५५, ६२ मिलिमीटर. कोरड्या महिन्यात एकही नाही. म्हणाले, "वडिलांनी निदान करून ठेवलंय की. गाडी पावसातच आजारी पडत्या. छत बघू."

छतात सनरूफ. आपण ती वर्षातून दोनदा उघडतो, तरी तिच्या चौकटीत पावसाचं थोडं पाणी उतरतंच, ते तसंच बनवलेलं असतं. चार कोपऱ्यांत चार भोकं, तिथून खांबांच्या आतून नळ्या, आणि पाणी गाडीखाली. पुढची डावी नळी गच्च. आत काय सापडलं असेल? गुलमोहराची पानं. ती बारीक, जिऱ्याएवढी, एकावर एक बसून त्याचा गोळा झालेला. नळीतून वाट नाही म्हणून पाणी खांबातून आत उतरायचं आणि मॅटखाली मुरायचं.

हवेचा जोर मारायचा नाही म्हणाले, आतला सांधा निसटला तर अख्खं छत उतरवावं लागतं. गवत कापायच्या यंत्रातली नायलॉनची दोरी हळूहळू आत ढकलली, मग वरून तांब्याभर पाणी ओतून चाकामागं कधी गळतंय ते बघत बसलो. (आई, तांब्या स्वयंपाकघरातला होता, देवघरातला नाही.) गळलं तेव्हा दोघंही लहान पोरांसारखे ओरडलो.

आणि आतला दिवा! मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलंय: दिवा चालू राहिला तरी गाडी थोड्या वेळानं तो स्वतःच बंद करते. मॅन्युअल पहिल्या दिवसापासून डॅशच्या कप्प्यात होतं. मी कधी उघडलं नव्हतं.

बाबा, चूक माझी होती. बॅटरीच्या बाबतीत आणि तुमच्याही.

बाकीचं पटकन सांगतो. मॉड्यूल उघडून अल्कोहोलनं धुतलं, दोन दिवस वाळवलं, जोडाच्या पिना नव्या घातल्या, चालतंय. फोम काढून गच्चीवर टाकला होता, पण या पावसात कसला वाळतोय, शेवटी पंख्याखाली वाळवला. बॅटरी सारखी उतरून मेलीच होती, नवी घातली आणि स्कॅनरनं गाडीला तशी नोंद करून दिली. नाहीतर ती जुन्याच बॅटरीच्या हिशोबानं चार्ज करत राहते. सगळं मिळून ३८,६०० रुपये. झोपलेल्या गाडीचं पिणं आता ०.०३ ॲम्पिअर.

मागचा कोपरा बसतो ते वेगळं दुखणं. साबणाचं पाणी मारलं तर सस्पेन्शनच्या उजव्या एअर बॅगच्या (कोपरा उचलून धरणारी रबरी हवेची पिशवी) घडीवर बुडबुडे आले. रबराला चिरा पडल्यात. हवा गळते म्हणून कॉम्प्रेसर सारखा पळतो. नुसता नवा कॉम्प्रेसर घातला असता तर तोही असाच पळून पळून जळाला असता. बॅग मागवलीय, आठवड्यात येईल. ब्रेक ऑइलही बदलून घेतलं, चार वर्षं झाली होती, दोन वर्षांनी बदलायचं असतं.

तर विकत नाही. फोटो पुसले. तुम्ही नेहमी म्हणता ना, राजवाड्यातली जुनी मेबॅक गाडी अजून दसऱ्याला दिमाखात दसरा चौकात येते, मग आपली का नको? त्यावर माझं अजूनही हेच म्हणणं आहे की मेबॅकच्या मॅटखाली संगणक नाही आणि तिला रोज राजारामपुरीच्या खड्ड्यांतून जायचं नाही. पण पुढच्या वर्षी पंधरा वर्षं भरतील, तेव्हा आरटीओत नेऊन पाच वर्षांची नोंदणी वाढवून घेऊ. पुढचं पुढं.

आई, गुलमोहर तोडत नाही, घाबरू नकोस. गाडी पलीकडच्या भिंतीला लावतो. तिथं ऊन लागेल म्हणून बाबा कुरकुरतील, त्यांना ताडपत्री आणून देतो.

पर्जन्यमापक रोज सकाळी साडेआठला वाचतोय. डायरीत पावसाचा आणि किलोमीटरचा रकाना भरतोय, तिसरा सोडून दिलाय. परवा राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले, तेही लिहिलंय. तुम्ही असता तर लिहिलं असतंच.

तिकीट झालं की कळवा. मिरजेला घ्यायला हत्तीच घेऊन येतो. येताना तुम्ही चालवा, मी मागं आईजवळ बसतो.

तुमचा,
धाकटा

ता. क. गाडीची दुसरी किल्ली कुठे ठेवलीय? कपाटात नाही, देव्हाऱ्याखालच्या डब्यातही नाही. विसरलात असं म्हणत नाही. मला सापडत नाहीये.