शनिवारच्या राजमाची किल्ल्याच्या ट्रेकसाठी: सॅक भरण्याआधी वाचा
मंडळी, लोणावळ्याहून गडाखालचं उधेवाडी गाव साधारण 15 किलोमीटर, आणि दिवसभर मुसळधार पाऊस असणार. रेनकव्हरवर विसंबू नका. पाठीच्या बाजूने पाणी झिरपतंच. सॅकमध्ये आधी मोठी प्लॅस्टिकची पिशवी घाला, सगळं सामान तिच्यात, तोंडाला पीळ देऊन गाठ. रात्रीचे कोरडे कपडे वेगळे बांधा. जीन्स अजिबात नको, भिजली की पायाला ओढते.

ओढ्यात उतरण्याआधी कमरेचा पट्टा सोडा, म्हणजे पाय घसरलाच तर सॅक झटकन टाकता येईल. पाणी गढूळ होऊन वाढताना दिसलं तर परत फिरायचं. दोरी आहे म्हणून कुणीही पुढे जायचं नाही, ही मनापासून विनंती. धुकं दाट असेल तर राजमाचीचा श्रीवर्धन बालेकिल्ला या वेळी राहू दे.

घरी परतीची वेळ सांगून निघा, वाटेत रेंजचा भरवसा नाही.